बयान पुरुषांसमोर, उपदेश बायकांना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, आणि मी तो शब्दकोड्यापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळा वाचते. तेव्हा हे तक्रार म्हणून घ्या किंवा काय घ्यायचं ते घ्या, पण तुमच्या पेपरात मशीद कधी येते? भोंग्याचा वाद झाला की येते, जागेचा वाद झाला की येते, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी गळाभेटीचा फोटो येतो, खाली शिरखुर्म्याची रेसिपी. आत शुक्रवारी नेमकं काय बोललं जातं, कोण बोलतं, कुणाला बोलतं ह्याच्यावर एक ओळ मी आजवर वाचलेली नाही. आता हे लिहिणारी मी स्वतः मशिदीत जात नाही, म्हणजे आमच्या गावात बायकांना आत जागाच नाही, पण आमचं घर मशिदीच्या पाठीमागे आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला, त्यामुळे गावातल्या बऱ्याच पुरुषांपेक्षा जास्त बयानं मी ऐकली असतील. ते तर शेवटच्या रांगेत बसून डुलक्या काढतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजच्या आधी खुतबा म्हणजे प्रवचन होतं, ते आमच्याकडे अरबीत असतं आणि कुणाला कळत नाही, म्हणून त्याच्याही आधी इमामसाहेब वीसेक मिनिटं उर्दूत बोलतात, त्याला बयान म्हणतात. जुम्मा पुरुषांवर फर्ज, म्हणजे सक्तीचा, आहे. त्यामुळे दुकानदार, रिक्षावाला, बागायतदार, कॉलेजची पोरं, सुट्टीवर आलेला कुवेतवाला असे सगळे इस्त्रीचे सदरे घालून (इस्त्री कोण करतं ते सांगायला नको) एका जागी गप्प बसलेले असतात, मोबाईल सायलेंटवर. मला सांगा, गावातले एवढे पुरुष गप्प बसून ऐकतायत अशी दुसरी जागा कुठली आहे? ग्रामसभेला कोरम भरत नाही, शाळेच्या पालक सभेला आयाच येतात. पुरुषाला घरात कसं वागायचं हे शिकवायची ह्याच्याइतकी चांगली जागा आमच्या समाजाकडे दुसरी नाही, आणि हाच माझा सगळा मुद्दा आहे की ती जागा वाया जातेय.

कारण घर-संसारावर बयान होतं, नाही असं नाही. महिन्या-दोन महिन्यांत एकदा तरी होतंच. मध्ये असाच एक शुक्रवार होता, विषय होता घरातला सुकून. मी गॅस बारीक करून कान देऊन ऐकत होते. आणि काय ऐकलं, तर बायका मोबाईलवर फार असतात, सिरीयली बघतात, बाजारात विनाकारण हिंडतात, नवऱ्याला उलट बोलतात, सासूची खिदमत करत नाहीत, म्हणून घरातली बरकत गेली. माझी शेजारीण तेव्हा पाट्यावर खोबरं वाटत होती, ती हसायलाच लागली, म्हणाली भाभी, हे आपल्याला सांगतायत तर आपण आत का नाय, आणि आत जे आहेत त्यांना त्यांचं कोण सांगणार? मला वाटतं ह्याच्यापुढे मी काही लिहिलं नाही तरी चालेल. जिथे एकही बाई बसलेली नाही तिथे बायकांच्या चुकांची यादी वाचायची, आणि मग ते सगळे माना डोलावत घरी येणार आणि जेवायला बसल्यावर म्हणणार, ऐकलंस ना आज मौलाना काय बोलले.

तुमचे बाकीचे वाचक लगेच म्हणतील बघा बघा ह्यांच्यात असंच असतं, तर त्यांनाही सांगते, आमच्या वाडीच्या पलीकडे सप्ताहात कीर्तन होतं तेही मी घरबसल्या ऐकते, तिथेही बुवा सुनांवर आणि जीन्सवर विनोद करून टाळ्या घेतात. फरक एवढाच की तिथे बायका समोर बसलेल्या असतात आणि एखादी उठून तरी जाऊ शकते.

ज्या धर्माच्या नावावर हे बयान होतं त्या धर्मात पुरुषाला सांगण्यासारखं एवढं पडलंय की वर्षभराचे शुक्रवार पुरणार नाहीत, ह्याचाच जास्त राग येतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांना कुणीतरी विचारलं की पैगंबर घरी असताना काय करायचे, तर त्या म्हणाल्या घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जायचे. ही हदीस, म्हणजे पैगंबरांबद्दलची जपलेली आठवण, बुखारी ह्या नावाजलेल्या संग्रहात आहे, कुठल्या कोपऱ्यातल्या पुस्तकात नाही. तुमच्यात सगळ्यात चांगला तो जो आपल्या घरच्यांशी चांगला, हीसुद्धा प्रसिद्ध हदीस आहे, माझ्या माहेरी भिंतीवर फ्रेम करून लावलेली होती. आपल्या नातीला, उमामाला, पैगंबरांनी खांद्यावर घेऊन नमाज पढवली, सजद्याला जाताना खाली ठेवायचे आणि उठताना परत उचलून घ्यायचे. मागे बाळ रडायला लागलं तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घ्यायचे. म्हणजे आई मशिदीत होती आणि बाळही होतं. आणि आमच्याकडे एखादा सात-आठ वर्षांचा पोरगा दुसऱ्या रांगेत उभा राहिला तर कुणीतरी चाचा त्याचं मानगूट धरून मागे ढकलतात, मग तो रडत घरी येतो आणि आम्ही त्याला समजावत बसतो. पुढे हाच पोरगा पंधरा वर्षांचा झाला की त्याला मशिदीची ओढ नाही म्हणून तेच चाचा ओरडणार.

आईबापाला उफसुद्धा म्हणू नका, ही आयत मात्र प्रत्येकाला पाठ आहे. चांगलीच गोष्ट आहे, मीही आता सासू झालेय मला ती आवडणारच. पण ती आयत मुलाला उद्देशून आहे हो. प्रत्यक्षात मुलगा दोहाला आणि सासऱ्यांच्या पायाला तेल लावतेय सून. सुनेनं केलं तर तो तिचा चांगुलपणा, तिच्यावर ते फर्ज नाही, असं चांगले आलीम, म्हणजे धर्माचे जाणकार, उघड सांगतात, पण आमच्या मिंबरवरून (इमाम उभे राहून बोलतात ती जागा) ते वाक्य मी कधी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर निदान तिचे आभार मानायची तरी पद्धत पडली असती.

निकाहचंच घ्या. आमच्याकडे निकाह बहुतेक मशिदीतच होतो, तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजनंतर. वकील (कोर्टातला नव्हे, मुलीच्या वतीनं बोलणारा) आणि दोन साक्षीदार मुलीची इजाजत घेऊन येतात, मेहेरची, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची, रक्कम रजिस्टरात लिहितात, मग इमामसाहेब निकाहचा खुतबा पढतात आणि तोपर्यंत अर्ध्या लोकांचं लक्ष खारका कधी वाटतात तिकडे. त्या खुतब्यात ज्या आयती वाचायची रीत आहे त्यातली एक सांगते की तुम्हा सगळ्यांना एकाच जिवापासून बनवलं, आणि नात्यांची जपणूक करा. दुसरी सांगते सरळ बोला, खरं बोला. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाला देण्यासारखी ह्याहून कामाची शिकवण नसेल, कारण निम्मी भांडणं पगार किती, कर्ज किती, व्हिसा कसला, हे लपवल्यामुळेच होतात, तिकडे हेल्पर असतो आणि इकडे सुपरवायझर सांगितलेलं असतं. पण ते अरबीत वाचलं जातं आणि अरबीतच राहतं. पाच मिनिटं थांबून मराठीत, नाहीतर आमच्या कोकणी बोलीत त्याचा अर्थ सांगायला काय खर्च येतो? व्हिडीओवाल्याला त्याच्यापेक्षा जास्त वेळ देतात. मलेशियात मुसलमान मुलामुलींना लग्नाआधी एक कोर्स करावा लागतो, सक्तीनं, त्यात पैसा, रागलोभ, हक्क, जबाबदाऱ्या सगळं येतं. आपल्याकडे सक्ती नको, कोण ऐकणार, पण निकाहच्या आधी इमामसाहेब आणि एखादी जाणती बाई दोघांशी तासभर बोलले एवढं तरी होऊ शकतं.

आता इमामसाहेबांची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. कोकणात खूप ठिकाणी इमाम बिहार-यूपीकडून आलेले असतात, आमचेही तिकडचेच. तरुण आहेत, आवाज गोड आहे, आणि मनानं अतिशय चांगले. मशिदीला लागून एक हुजरा, म्हणजे छोटी खोली, आहे त्यात राहतात, जेवणाचा डबा घराघरातून पाळीनं जातो. आमच्या पाळीला माझा नातू डबा घेऊन जातो, तो एकदा परत येऊन म्हणाला दादी, मौलाना फोनवर मुलीशी बोलत होते आणि ती फोन धरायलाच तयार नव्हती, म्हणत होती तुम्ही कोण. वर्षातून एकदा गावी जातात, ईदलासुद्धा इथेच, कारण ईदची नमाज कोण पढवणार. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोसोबत सलग दोन महिने राहता येत नाही त्याला आपण सांगतो आम्हाला संसार शिकवा. पगार असा की कुटुंब इथे आणायचं म्हटलं तर भाडंसुद्धा निघणार नाही. आणि बोलले तरी कुणाच्या जीवावर बोलणार, मशिदीच्या कमिटीच्या अध्यक्षाला लागेल असं एक वाक्य निघालं की पुढच्या महिन्यात नवीन इमाम. म्हणून बिचारे बायकांवर बोलतात, बायका कमिटीत नाहीत. जमातीनं, म्हणजे गावातल्या मुसलमानांच्या पंचायतीनं, मिनारावर खर्च केला, टाइल्स बदलल्या, एसी बसवला, ह्यातल्या एका तरी खर्चाच्या आधी इमामाच्या फॅमिलीसाठी दोन खोल्या बांधायला हव्या होत्या असं माझं स्पष्ट मत आहे.

जमातीचंही सगळंच वाईट नाही. कितीतरी भांडणं जमातीत मिटतात, पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागत नाही, गरीब माणसाला वकील परवडत नाही त्याला तर हा आधारच आहे. कुराणात सांगितलंय की नवरा-बायकोत फूट पडायची भीती असेल तर एक पंच त्याच्याकडचा आणि एक तिच्याकडचा नेमा, दोघांना समेट हवा असेल तर अल्ला जमवून आणेल. किती व्यवहारी सल्ला आहे बघा. पण मी जी एक बैठक जवळून बघितली, म्हणजे खिडकीतून, ती अशी, रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर मदरशाच्या हॉलमध्ये चटई टाकलेली, जमातीचे आठ-दहा लोक, मुलाचा बाप, त्याचे भाऊ, एका कोपऱ्यात मुलीचे वडील टोपी हातात घेऊन चोळत बसलेले. मुलगा तिकडून फोनवर, स्पीकर लावून. मुलगी कुठे, तर घरी. तिला काय म्हणायचंय ते तिच्या भावानं सांगायचं आणि तो भाऊ एकोणीस वर्षांचा, त्याला बहिणीचं दुखणं काय सांगता येणार, ते त्याला लाज वाटेल असंच होतं. अर्ध्या तासात समेट झाला. मुलगी परत सासरी गेली आणि चार महिन्यांनी पुन्हा माहेरी आली, ह्यावेळी बांगड्या विकून. तिच्याकडचा पंच म्हणून एखादी बाई बसवली असती तर कदाचित खरी गोष्ट त्याच रात्री बाहेर आली असती. आणि जिथे मारहाण आहे तिथे बैठकच नको, तिथे सरळ 181 ला फोन करायचा, नाहीतर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्माच्या बायकांना आहे, हेसुद्धा बयानात सांगता येईल की नाही? फतव्याला कायद्याचं बळ नाही हे सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये सांगितलंय, तेव्हा जमातीनं सल्ला द्यावा, हुकूम देऊ नये.

आणि ज्या विषयावर मी मरेपर्यंत एक तरी बयान ऐकायची वाट बघतेय तो म्हणजे मुलींचा हिस्सा. कुराणात मुलीचा वाटा ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा. निम्मा का पूर्ण का नाही हा वाद तुम्ही नंतर करा, आधी निम्मा तरी द्या ना. कोकणात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाप गेला की चाळिसाव्याच्या आसपास भाऊ सगळ्या बहिणींना जेवायला बोलावतात, गाडी पाठवतात, सागुती आणि तांदळाच्या भाकऱ्या होतात, आणि दुपारी चहाबरोबर हक्कसोडपत्र पुढे येतं. रजिस्ट्रार ऑफिसात जायचं फक्त, सही करून टाक, आपल्यात काय हिशोब. बहीण सही करते कारण नाही केली तर माहेर तुटलं. आंब्याची कलमं भावांच्या नावावर, सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव गेलं, आणि तिच्या घरी दर मे महिन्यात एक पेटी हापूस जाते. हाच भाऊ रमजानमध्ये जकात (धर्मानं ठरवलेलं दान) मोजून काढतो, मशिदीच्या पंख्यावर बापाचं नाव लिहून देतो, पहिल्या रांगेत उभा राहतो, आणि त्याला कुणी एका शब्दानं विचारत नाही की बहिणीचं काय केलंस. व्याज हराम आहे हे शंभर वेळा सांगतात, दारू हराम, गाणं हराम, आणि बहिणीचा हिस्सा खाणं ह्याच्यावर मात्र सगळे मुके, कारण पहिल्या रांगेतले निम्मे त्यातलेच. माझा स्वतःचा हिस्सा मिळाला का असं विचाराल तर त्याचं उत्तर मी पेपरात देणार नाही, भाऊ पेपर वाचतात.

तलाकवर तर आता कुणी तोंडच उघडत नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल 22 ऑगस्ट 2017 चा, मग 2019 चा कायदा, एका दमात तीन तलाक दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा बरा की वाईट ह्याच्यावर आमच्यातही दोन मतं आहेत. पण परिणाम असा झाला की इमाम लोक म्हणतात हा कोर्टाचा विषय, आपण नको बोलायला. अहो पण कुराणातली पद्धत तरी सांगा, थांबा, वेळ द्या, पंच नेमा, इद्दत (तलाकनंतरची ठरलेली मुदत) संपेपर्यंत तिला घराबाहेर काढू नका, हे सगळं लिहिलेलं आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई 18 एप्रिल 1966 ला सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढतात, तोंडी तलाक बंद करा म्हणून, आणि त्यानंतर कोर्टाचा निकाल यायला पन्नास वर्षांवर जातात. आमच्याकडे त्यांचं नाव काढलं तर लोक चपला शोधायला लागतात, आणि त्यांचं सगळंच मलाही पटत नाही, मी पाच वेळची नमाज पढणारी बाई आहे. पण जे आपल्याच किताबात होतं ते मिंबरवरून वेळेवर सांगितलं असतं तर त्या सात जणींना उन्हात जायची वेळ आली नसती, एवढं मला कळतं.

बायकांनी मशिदीत यावं की नाही ह्याच्यावर भांडायला मी हे लिहीत नाही, तरी दोन गोष्टी सांगतेच. पुण्यातल्या एका दाम्पत्यानं 2019 मध्ये बायकांना मशिदीत येऊ द्या म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला, त्यात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं जानेवारी 2020 मध्ये स्वतः लिहून दिलंय की बाईला मशिदीत नमाजसाठी यायला इस्लाममध्ये मनाई नाही, फक्त जुम्मा तिच्यावर सक्तीचा नाही. दुसरं म्हणजे आमच्या गावातल्या निम्म्या सुना फॅमिली व्हिसावर कुवेत-दुबईला राहून आल्यात, तिकडे मशिदीत बायकांचा वेगळा भाग असतो, त्यात नमाज पढून आल्यात. हजला गेलेल्या आजीबाई मक्केत खुद्द हरममध्ये, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीत, नमाज पढून येतात, आणि गावात उतरल्यावर त्यांना मशिदीच्या दारात चपलासुद्धा काढता येत नाहीत. आमच्या मशिदीला वरचा मजला आहे, तिथे जुन्या चटया आणि जनाजाचा संदूक ठेवलाय. एक पडदा आणि वेगळा जिना एवढंच लागेल. नमाज नको असेल तर नको, निदान महिन्यातून एकदा बायकांना बसून ऐकता यावं आणि चिठ्ठीवर प्रश्न विचारता यावा. पैगंबरांच्या काळात बायकांनीच जाऊन सांगितलं होतं की पुरुषांमुळे आम्हाला तुमच्याकडे वेळ मिळत नाही, आमच्यासाठी एक दिवस ठेवा, आणि त्यांनी ठेवला. ईदच्या खुतब्याला बायकांपर्यंत आवाज पोचला नसेल असं वाटून ते स्वतः बायकांकडे चालत गेले आणि परत सांगितलं. त्या काळात माइक नव्हता.

हे सगळं होऊ शकत नाही असं नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अहमदाबादेत हुंड्याच्या छळानं एका मुलीनं साबरमतीत जीव दिला, तो व्हिडीओ सगळ्यांनी बघितला, त्यानंतर पर्सनल लॉ बोर्डानं साध्या निकाहची मोहीम काढली, अकरा कलमांचा इकरारनामा काढला, हुंडा नको, बँडबाजा नको, निकाह मशिदीत करा. तेव्हा आमच्या मशिदीतसुद्धा त्यावर बयान झालं होतं आणि त्यावेळी बोलणं पुरुषांना होतं, मुलाच्या बापाला होतं. घरी आलेले पुरुष त्या दिवशी जेवताना गप्प होते. दोन लग्नं खरोखर साधी झाली. मग सीझन आला, हॉल बुक झाले, बुलेट आणि फ्रीज गिफ्ट म्हणून परत चालू. म्हणजे एकदा बोलून भागत नाही, सतत बोलावं लागतं, जसं नमाजबद्दल बोलतात.

तर तुम्हाला विनंती एवढीच की तुमच्या वार्ताहराला एखाद्या शुक्रवारी मशिदीत पाठवा, हवं तर नमाजच्या वेळेला मागे बसू दे, कुणी हाकलणार नाही, उलट चहा देतील. त्यानं बयान ऐकावं आणि जसं नेत्याच्या भाषणाची बातमी करता तशी त्याची बातमी करावी, काय बोलले, किती मिनिटं बोलले, कुणाला बोलले. पेपरात येतंय म्हटलं की आमचे कमिटीवाले विषय जरा विचार करून निवडतील, त्यांना फोटोची हौस आहे. आणि हे पत्र छापलंत तर कृपया रमजानच्या आधी छापा, शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, आमच्या जमातीची मीटिंग असते आणि तिथे पेपर येतो. गावाचं नाव टाकू नका. तालुका टाकलात तरी सगळ्यांना कळेलच म्हणा, पण जिल्ह्यावर थांबलात तर बरं.

आपली,
एक वाचक
जि. रत्नागिरी